दोन ठोक्यांची जागा

हेमलॉक रिज, वेस्ट व्हर्जिनिया
२६ जून १९९६

प्रिय बर्लदादा,

पोचले. पाय सुजलेत, पण ते घरी बसूनही सुजतातच. इथे फोन एकच, तोही ऑफिसात, आणि त्याच्यापुढे कायम रांग. शिवाय फोनवर दोन वाक्यांत तुला धाप लागते, मग मी एकटीच बडबडत राहते. म्हणून पत्र. लिहायला दम लागत नाही, तेव्हा उत्तर आलं पाहिजे, सबब चालणार नाही.

सौदा ठरल्याप्रमाणेच आहे. सहा आठवडे या संगीत शिबिरातल्या ऐंशी माणसांचं स्वयंपाकघर मी सांभाळायचं, त्या बदल्यात दुपारी दोन ते चार मला बँजोच्या वर्गात बसू देणार. पहाटे साडेचारला उठते. डेटनला शाळेच्या कँटीनमध्ये तीस वर्षं काढून निवृत्त झाले, ती एकसष्टाव्या वर्षी परत भांड्यांतच येऊन पडले. हसू नकोस, खोकला येईल.

माणसं चांगली आहेत, पण निम्मी मांस खात नाहीत. काल घेवड्यात डुकराची चरबी घातली, तर एक दाढीवाला माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी त्याच्या आजीलाच शिजवलंय. आता दोन पातेली करते. एक त्यांचं, एक माणसांचं.

वर्गही दोन आहेत. वरच्या खोलीत ब्लूग्रासवाले, नव्या वेगवान चालीचे. तीन बोटांत धातूची नखं चढवतात आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसे वाजवत सुटतात. खालच्या खोलीत जुन्या चालीचे, आपल्यासारखे, नुसत्या नखाने तार खाली मारणारे. मी खाली बसते.

बाबांचा बँजो माझ्या खाटेखाली आहे. ईस्टरला तो माझ्या हातात दिलास तेव्हा ‘ऑगस्टचा चौथा रविवार’ एवढंच बोललास. मला कळलं. बाबा गेल्यापासून कबरस्तानाच्या दिवशी, सगळं कुटुंब टेकडीवरच्या कबरींपाशी जमतं तेव्हा, त्यांच्यापाशी ‘ओलं सरपण’ तूच वाजवत आलास, आणि यंदा ते तुझ्याच्याने होणार नाही. बाबांची धून मी शिकून येईन. पण एवढं सांगते, नऊ वर्षांची असताना मी हाच बँजो मांडीवर घेतला होता आणि तू म्हणालास, “ठेव तो, भांडी पडलीत.” मी विसरलेले नाही.

तुझी,
वेल्डा

ता. क. ओसरीची पायरीजवळची तिसरी फळी ठोकलीस का? एखाद दिवशी पाय मोडून बसशील.


ग्रासी लिक, केंटकी
१ जुलै

वेल्डे,

भांडी घासायला मी सांगितलं नव्हतं. आईने सांगितलं होतं, मी फक्त निरोप आणला. बावन्न वर्षं त्या निरोपाची शिक्षा भोगतोय.

माझं ठीक चाललंय. सकाळी पत्रपेटीपर्यंत जाऊन येतो. शेजारची ऑपल डोकावते, मक्याचा पाव ठेवून जाते. तो तिच्या बोलण्याइतकाच कोरडा असतो, पण ताकात बुडवला की उतरतो.

कुठली तार कुठे दाबायची ते लिहिलेले आकड्यांचे कागद तुला देतील. चुलीत घाल. डोळे मीट आणि हात ऐक. पाचव्या आखूड तारेवर तुझा अंगठा उशिरा पडत असेल, सगळ्यांचाच पडतो. तार ओढू नकोस. शेजाऱ्याचं दार ठोठावल्यासारखा हात पडू दे, मनगट ढिलं ठेव. बाबा मला एवढंच म्हणाले होते आणि बाहेर निघून गेले होते. बाकीचं मी दारामागे उभा राहून उचललं.

फळी ठोकणार आहे. खिळे आणलेत.

दादा


हेमलॉक रिज
८ जुलै

प्रिय दादा,

कागद चुलीत घातला. आकडे तसेही कळत नव्हते.

आता ऐक. आमचा मास्तर एलियट, बत्तीसेक वर्षांचा, उत्तरेकडचा कुठला तरी शहरी पोरगा. वाजवतो मात्र छान, त्याच्यात खोट काढता येत नाही. काल तो सगळ्यांना म्हणाला, “आजपासून एक दुर्मिळ धून. ‘ओलं सरपण’. वादक होबार्ट साइझमोर, गाव ग्रासी लिक, ध्वनिमुद्रण एकोणीसशे त्र्याहत्तर.”

माझ्या हातातून बँजो पडायचा राहिला. वीस माणसं माझ्या बापाचं नाव वहीत उतरवून घेत होती आणि मी एप्रन बांधून मागच्या बाकावर. सांगावंसं वाटलं, होबार्टची मुलगी मी आहे. नाही सांगितलं. मग म्हणाले असते, वाजवून दाखवा. होबार्टची मुलगी, आणि अंगठा उशिरा पडतो! लाज वाटली, दादा, खरंच लाज वाटली.

पण मुद्दा वेगळाच. दुसऱ्या भागाच्या मध्यावर एलियट थांबतो. दोन ठोके काहीही वाजवायचं नाही, मग पुढे. म्हणतो, “ही होबार्टची खूण. इतर कुणाच्या हातात हे सापडणार नाही.” वीसच्या वीस जण माना हलवून एक-दोन मोजतात आणि मग सुरू होतात. बाबा असे थांबलेले मला कधी आठवत नाहीत. मी घरून निघाले ती बावीसची असताना, तोवर ही धून रोज कानावर पडायची. तूही कबरीपाशी कधी थांबला नाहीस. का मीच विसरले?

बाबांची धून बाबांसारखीच वाजली पाहिजे. त्याच्यासाठी तर ऐंशी जणांची खरकटी काढतेय. थांबायचं की नाही, तेवढं कळव.

वेल्डा


ग्रासी लिक
१४ जुलै

वेल्डे,

शिकवतात तसं शिक. ऊन फार आहे. ऑपलची मांजर व्याली, चार पिल्लं.

दादा


हेमलॉक रिज
२० जुलै

दादा,

मांजराची चौकशी मी केली नव्हती.

तुझं पत्र वाचलं तेव्हाच कळलं की काहीतरी लपवतोयस. लहानपणीही कोंबड्यांचं खुराडं उघडं टाकलंस की तू हवामानावर बोलायचास. मग मी एलियटला म्हटलं, पोरा, मला ती टेप ऐकव. त्याने यंत्र स्वयंपाकघरात आणलं. मी बटाटे सोलत होते.

सुरुवातीला एक आवाज येतो, “ही होबार्ट साइझमोरची.” आणि धून सुरू होते. एलियट डोळे मिटून म्हणाला, “ऐकलंत? स्वतःचं नाव सांगतोय म्हातारा.” मी बटाटा खाली ठेवला. तो बाबांचा आवाज नाही. तो तुझा आवाज आहे. आणि त्या थांबण्याच्या जागी लांबून काहीतरी दोनदा वाजतं. ठक, ठक. एलियट म्हणतो, होबार्ट पायाने ताल धरतोय. वाजवणाऱ्याचा पाय एवढ्या लांब कसा असेल, हे त्याला कुणी विचारलं नाही वाटतं.

तेवीस वर्षं लोक बाबांचा म्हणून तुझा हात शिकतायत आणि तू गप्प बसलास. का? बाबांचं नाव वापरलंस का? त्यांना माहीत होतं का? मी तुझ्यावर चिडलेय आणि चिडायलाही आता अंगात त्राण नाही. दिवसभर साबणाच्या पाण्यात हात, नखं अशी मऊ पडतात की दुपारी तारेला लागतच नाहीत. काल मधल्या बोटाचं नख उभं फाटलं. रात्री त्यावर गोंद लावून झोपले. एवढं करून मी चुकीची धून शिकत असेन तर मला आत्ताच सांग, मी बस पकडून घरी जाते.

खरं काय ते लिही.

वेल्डा


ग्रासी लिक
२७ जुलै

वेल्डा,

हे पत्र तीन बैठकांत लिहितोय. लिहायलाही दम लागतो, तुला कुणी सांगितलं लागत नाही म्हणून?

त्र्याहत्तरचा ऑक्टोबर. कॉलेजातला एक माणूस यंत्र घेऊन आला. होबार्ट साइझमोरचं नाव ऐकून सकाळपासून गाडी चालवत आला होता. बाबांनी आदल्या वर्षीच ओढ्यात बाप्तिस्मा घेतलेला. आपल्या चर्चचं तुला माहीतच आहे, गळ्याशिवाय दुसरं वाद्य चालत नाही. बँजो खाली ठेवला, असा शब्द त्यांनी पाण्यात उभं राहून दिला होता. ते त्या माणसाला म्हणाले, “मी वाजवत नाही,” आणि ओसरीवर जाऊन दाराकडे पाठ करून बसले. तो माणूस रडकुंडीला आला. मग मी म्हटलं, मी वाजवतो.

आपल्याकडची रीत काय आहे? स्वतःचं नाव कुणी घेत नाही. ज्याच्याकडून मिळाली त्याचं नाव घ्यायचं आणि वाजवायचं. मी म्हणालो, “ही होबार्ट साइझमोरची.” त्या भल्या माणसाला वाटलं, मी माझं नाव सांगतोय. त्याने तेच टेपच्या डब्यावर लिहिलं. लबाडी कुणीच केली नाही.

दोन वर्षांनी पोस्टाने रेकॉर्ड आली, वर बाबांचं नाव. मी त्या माणसाला पत्र लिहायला बसलो होतो. बाबांनी ते वेष्टन हातात घेतलं, आपल्या नावावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत होते. मग ते बायबलमध्ये ठेवून दिलं आणि जेवायला बसले. देवाला दिलेला शब्दही मोडला नव्हता आणि नावही छापून आलं होतं. मी मग काय लिहिणार होतो, सांग. बाबा वारल्यावर तर लिहायचं कारणच उरलं नाही.

आता ते थांबणं. मी वाजवत असताना मला ओसरीवरून काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. खात्री करायला हात थांबले, आणि तेवढ्यात फळी वाजली. दोनदा, स्वच्छ. पायरीजवळची तिसरी, ती तेव्हाही ढिलीच होती. बाबांचा पाय होता तो, वेल्डे. वर्षभर ज्यांनी बँजोकडे मान वळवून पाहिलं नव्हतं, त्यांचा पाय. पाठ तशीच होती, मान तशीच होती. मी पुढे वाजवलं. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

तेव्हा ती बाबांची खूण नाही आणि माझीही नाही. मी एकदा अडखळलो, एवढंच ते आहे. तुझे वीस जण माझं अडखळणं मोजून शिकतायत.

आणखी एक. पत्रपेटीपर्यंत मी जात नाही, ऑपल जाते. मे महिन्यापासून नाकात नळी आहे आणि शेजारी ऑक्सिजनची टाकी. खाणीतला अडतीस वर्षांचा कोळसा छातीत बसलाय, तो आता डॉक्टरच्याही ऐकण्यातला नाही. कबरस्तानाची टेकडी माझ्याने चढवणार नाही. मी खाली ओसरीवर बसून ऐकेन. वारा इकडचा असला तर येईल ऐकू.

थांबायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

खिळ्यांचं म्हणशील तर खरंच आणलेत. सतरा वर्षं झाली आणून.

दादा


हेमलॉक रिज
४ ऑगस्ट

प्रिय दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी पिठात होते. कोपरापर्यंत पीठ तसंच ठेवून मागच्या पायरीवर बसून वाचलं. दुपारच्या जेवणाला उशीर झाला.

नळीचं लपवलंस त्याबद्दल मी तुला समोर बघून घेईन. ऑपललाही. मांजराची पिल्लं कळवायला तुम्हाला वेळ होता!

काल दुपारी शिबिराचा शेवटचा कार्यक्रम झाला. एकेकाने उठून एक धून वाजवायची. माझी पाळी आली तेव्हा एप्रन सोडायचंही भान नव्हतं. बसले आणि रीतीप्रमाणे म्हणाले, “ही बर्ल साइझमोरची. बर्लला होबार्टकडून मिळाली.” एलियट चटकन उठला. आवाजात सगळी अदब आणून म्हणाला, “वेल्डाबाई, होबार्टची.”

मी म्हटलं, “बाळा, टेपवर माझा भाऊ आहे. आणि होबार्ट माझा बाप. मी काय म्हणाले ते मला माहीत आहे, तू बस.”

तो बसला. वाजवून झाल्यावर त्याला पुढची रीत समजावली, कुणाचं नाव का घेतात ते. पोराचा चेहरा पांढरा पडला. बाबांसारख्या जुन्या वादकांवर तो एक पुस्तिका काढतोय, तिच्यावर त्याने पाच वर्षं घालवली आहेत. मला वाटलं चिडेल, पण म्हणाला, “म्हणजे आपल्या नावाची जागा त्याने बापाला दिली आणि मी ती नीट वाचलीच नाही.” आता नाव बदलून छापायचं म्हणतो, तुझी परवानगी हवी आहे. तुला भेटायला येऊ का, हेही विचारतोय. त्याने त्या थांबण्याचंही विचारलं. ते मी सांगितलं नाही. ते तुमचं दोघांचं आहे, त्यावर त्याने वर्ग घ्यायला नको.

वाजवली कशी म्हणशील, तर अंगठा दोनदा उशिरा पडला आणि पहिला भाग जरा फरफटला. पण मोडली नाही. दुसऱ्या भागात मी न थांबता गेले, सरळ, बाबांसारखी. बरोबर वाजली. पण बरोबर वाजवून झाल्यावर मला काही वाटलं नाही, फक्त पाय दुखत होते. चौथ्या रविवारी काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

आज सगळी गेली. ऐंशी खाटांच्या चादरी काढून झाल्यात. आता मी घरी जाऊन दोन दिवस झोपणार आहे.

वेल्डा


ग्रासी लिक
२९ ऑगस्ट

वेल्डे,

रविवारी टेकडी उतरून आलीस, बँजो खाली ठेवलास आणि विचारलंस, “ऐकू आलं?” मी म्हटलं, “बटाट्याचं भांडं इकडे सरकव.” तुझं तोंड उतरलेलं मला दिसलं होतं. पण ओसरीवर तीस माणसं, प्रत्येकाच्या हातात कोंबडीची तंगडी, आणि तुझा भाचा ड्यूई तुला डेटनला न्यायचं म्हणून गाडीचा भोंगा वाजवत होता. चारचौघांत मला ते जमत नाही. आता लिहितो.

सकाळपासून मी आणि ऑपल ओसरीवर होतो. वरून भजनं येत होती. यंदा आवाज पातळ झालेत, म्हातारी माणसं कमी झाली. मग ब्रदर एस्टिल खाली आले. धर्मगुरू टेकडीवरून उतरले की मग बँजो निघतो, हे त्यांनाही ठाऊक आहे, त्यामुळे ते दरवर्षी घाईने उतरून मोटारीत बसतात. यंदा ओसरीवर पाणी प्यायले. एक पेला. मग दुसरा.

मग तू सुरू केलंस. तुझा आवाज पोचला नाही, म्हणून नाव कुणाचं घेतलंस ते कळलं नाही. पहिला भाग तू हळू घेतलास. चांगलं केलंस. अंगठा एकदा उशिरा पडला, पण तो बाबांचाही पडायचा, आम्ही त्यांना सांगायचो नाही. दुसऱ्या भागात मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. आणि तू थांबलीस.

मी काही ठरवलं नव्हतं. पाय आपला आपण पडला. दोनदा. ऑपलला वाटलं मला काहीतरी झालं, ती उठून टाकीकडे धावली. ब्रदर एस्टिल पेल्यात बघत राहिले.

तुला तिथे वर ऐकू येणं शक्यच नाही. एवढी चढण, आणि वारा तुझ्याकडून माझ्याकडे. पण मी पाय वाजवला हे तुला माहीत असावं, म्हणून लिहिलं. मला बरं वाटलं, वेल्डे. फार दिवसांनी काही बरं वाटलं. बावन्न वर्षांपूर्वी तो निरोप आणायला नको होता.

तुझ्या त्या एलियटला सांग, बाबांचं नाव वर राहू दे, मोठं. माझं खाली घाल, बारीक. आणि यायचं असेल तर लवकर ये म्हणावं. मी पँट चढवून बसेन.

बाकी, ऑपल हात धुऊन मागे लागली आहे. टाकीची चाकं त्या तिसऱ्या फळीत अडकतात. पुढच्या शनिवारी सुतार बोलावलाय, ओसरी एकदाची नीट करून घेतो. तूही वर्षानुवर्षं तेच सांगत होतीस.

दादा


डेटन, ओहायो
३ सप्टेंबर

दादा,

हे पत्र शनिवारच्या आत पोचावं म्हणून पोस्टात स्वतः जाऊन टाकतेय, गुडघे ओरडतायत तरी.

ऐकू आलं.

मी तिथे थांबेन असं मलाही माहीत नव्हतं. पुढ्यात बाबांच्या कबरीचा दगड होता आणि हात आपोआप थांबले. दोन ठोके मोजून पुढे जायचं, एवढंच डोक्यात. आणि खालून फळी वाजली. पहिल्या ठोक्याला वाटलं, भास. दुसऱ्याला कळलं. म्हणून तर मी चार ठोके थांबले, पुढे तारा दिसेनात. ड्यूईने सगळ्यांना सांगितलं की आत्या विसरली. सांगू दे. खाली येऊन विचारलं ते एवढ्यासाठीच, तू पाय वाजवलास की मला वेड लागलंय. आणि तू बटाटे मागितलेस!

नाव मी तुझंच घेतलं. तुझं, मग बाबांचं.

सुताराला कठडा करायला लाव. पायऱ्या कर, छप्पर कर, हवी तर सगळी ओसरी रंगवून घे. चाकं अडकत असतील तर टाकी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला ठेव आणि नळी लांब घे, औषधवाल्याकडे मिळते. त्या तिसऱ्या फळीला मात्र कुणी हात लावायचा नाही, सांगून ठेवतेय.

पंधरा तारखेला मी येतेय, बँजो घेऊन, राहायला. किती दिवस ते विचारू नकोस. तोवर ते खिळे ऑपलला देऊन टाक.

वेल्डा